तारमास्तर आणि काळी चार

मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कुणी विचारायला नको, की बाई नवऱ्याचं कौतुक करतेय का उणीदुणी काढतेय. दोन्ही करतेय. इतकी वर्षं संसार केलाय, तेवढा हक्क आहे माझा.

आमच्या ह्यांचं नाव अनंत घैसास. पण साताऱ्यात त्या नावानं चौकशी केलीत तर लोक एकमेकांची तोंडं बघत राहायचे. 'तारमास्तर' म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा घर दाखवायचं. सगळं गाव म्हणतं म्हणून मीही तेच म्हणायला लागले. 'अहो, ऐकलंत का' करत बसण्यापेक्षा ते सोपं पडायचं.

तारघरातलं त्यांचं काम मी डबा द्यायला गेले तेव्हा बघितलं. टेबलावर पितळेचं एक लहानसं यंत्र. दुसऱ्या गावाहून तार आली की त्याची दांडी खाली आपटायची, 'खट्', आणि सुटून वर जायची, 'खुट्'. खट् आणि खुट् लगोलग आले की टिंब. मध्ये जरा दम घेतला की रेघ. अशा टिंबारेघांची इंग्रजी अक्षरं व्हायची, मोर्स म्हणतात त्या भाषेला. आवाज खणखणीत यावा म्हणून ह्यांनी यंत्रामागं सिगारेटचा रिकामा पत्र्याचा डबा खोचून ठेवलेला. स्वतः साध्या सुपारीला कधी शिवले नाहीत, पण डबा मात्र साहेबांकडून मागून आणलेला. माझ्याशी बोलताहेत, जेवणाच्या डब्याचं झाकण उघडून बघताहेत, आणि उजवा हात आपला तार उतरवून घेतोय. मी तोंडात बोट घातलं. वर हे मलाच म्हणतात, "भाजीत मीठ कमी वाटतंय." न खाता! नुसत्या वासावरून! मी तशीच पाय आपटत घरी आले.

मुलगा झाला, परीक्षेत पास झाला, नोकरी लागली, अशी तार आली की हे शिपायाला बसवून ठेवायचे आणि स्वतः सायकल काढायचे. वाईट बातमी असली की मात्र शिपाई. मी म्हणायची, "गोड तेवढं तुम्ही वाटा, आणि कडू त्या बिचाऱ्यानं?" तर म्हणायचे, "मला लगेच रडू येतं गं. तो धट्टाकट्टा आहे." असा माणूस! त्याच्यावर रागवायचं तरी किती?

आणि त्यांची बोटं. जेवताना ताटाच्या कडेवर, कीर्तनात मांडीवर, झोपाळ्याच्या कडीवर, सारखी टिकटिक चालू. माझ्या खांद्यावरसुद्धा. एकदा विचारलं, "काय म्हणताय ते तरी सांगा." म्हणाले, "काही नाही. समोरच्या पाटीवरचं वाचतोय." दिसेल ते बोटांनी वाचायची सवय. मी खूप चिडचिड केली त्या टिकटिकीवर. खोटं कशाला बोलू, डोकं उठायचं.

शेवटची वर्षं सांगलीला बदली झाली. तोवर तिथं टेलिप्रिंटर आले होते. टाइपरायटरसारखी बटणं दाबा, पलीकडं कागदावर छापून येतंय. ह्यांची बोटं बसली स्वस्थ. मग निवृत्त झाले. मुलगी लग्न होऊन गेली होती, आम्ही तिथंच विश्रामबागेत घर घेऊन राहिलो. मी बायकांना गाणं शिकवायची, भजनं, थोडे राग. माझा तंबोरा मिरजेचा, वडिलांनी स्वतः कारागिराच्या पुढ्यात बसून करवून घेतलेला. माझी गायची पट्टी पेटीवरची काळी चार. माझे दिवस भरलेले होते. ह्यांचे रिकामे. पोळपाटावर टिकटिक, दूधवाल्याच्या किटलीवर टिकटिक. पण पलीकडून उत्तर देणारं कुणी नाही. एकदा मला म्हणाले, "शरू, पलीकडं कुणी माणूस असेल तरच ह्याला बोलणं म्हणायचं. नाहीतर नुसती खाज."

तेव्हा आले हंबीरराव. कराडजवळच्या गावचे, लष्कराच्या सिग्नल पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले, घरचा ऊस. साताऱ्यापासूनची ओळख. त्यांनी सरकारी परवाना काढून हौशी बिनतारी केंद्र चालू केलं होतं. आपल्या घरून, आपल्या सेटवरून, त्याच टिंबारेघांच्या भाषेत साऱ्या जगाशी बोलायचं. पैसा नाही, पगार नाही, नुसती हौस.

"या की एकडाव मळ्यात," म्हणाले. "वैनी, तुमीबी या. हुरडा न्हाई, पर काकवी हाय."

गेलो. मोटारपंपाच्या खोलीत टेबलावर सेट मांडलेला. बाहेर दोन लिंबांच्या मध्ये तांब्याची तार ताणलेली, तिच्यावर चिमण्या बसलेल्या. हंबीररावांनी कानाला हेडफोन लावला आणि पितळी बटणावर बोटं ठेवली. बटण खाली गेलं, खट्. वर आलं, खुट्. ह्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! लहान मूल जत्रेत हरवून आईला सापडावं तसा. हंबीरराव बडवतील ते अक्षर हे मोठ्यानं वाचायला लागले. "आसामच्या माणसाला हवा विचारताय तुम्ही. आता उसाचं सांगताय. आता विचारताय, मुलीचं लग्न ठरलं का?"

"आवं मास्तर, तुमी तर पास झालाच म्हनायचं!" हंबीरराव मांडीवर थाप मारून हसले. आता ह्यातली गोम पुढं कळली, पण आत्ताच सांगते. हे वाचत होते ते हंबीररावांच्या बटणाचा आवाज ऐकून. आसामहून येणारं उत्तर हेडफोनमध्ये येत होतं, ते एकट्या हंबीररावांना ऐकू येत होतं. ते कसं वाजतं हे आमच्या तारमास्तरांनी विचारलंच नाही. कशाला विचारतील? मोर्स त्यांना कोण शिकवणार?

परवान्यासाठी मुंबईला सरकारची परीक्षा असायची. बटणावर पाठवून दाखवायचं आणि ऐकून उतरवायचं, मिनिटाला पाच शब्द. "पाच!" हे ओरडले. "पाच शब्द म्हणजे मधे चहा पिऊन यायला वेळ आहे." सराव करा म्हटलं तर म्हणे, "माशाला पोहायचा सराव सांगतेस?" आणि कहर म्हणजे, जायच्या आदल्या दिवशी साताऱ्याहून कंदी पेढे मागवून शेजारीपाजारी वाटून टाकले. परीक्षेच्या आधी! मी म्हटलं, "अहो, निकाल तरी लागू द्या." "तू म्हणजे ना शरू, सदा अपशकुनी!" वाटा म्हटलं, काय वाटायचं ते.

मुंबईहून आले ते मान खाली घालून. पाठवण्यात उत्तम, ऐकण्यात नापास.

"काय झालं तरी काय?"

"कानाला ते यंत्र लावलं त्यांनी. मी आपला खट् कधी येतो वाट बघतोय, तर खट् नाही नि खुट् नाही. नुसतं पीं... पीं... कुठं सुरू होतं, कुठं संपतं, पत्ताच लागेना. आयुष्यभर मी दोन ठोक्यांच्या मधली जागा ऐकली गं. ही जागाच कुणीतरी ओरडून भरून टाकलीय! माझ्या शेजारी एक शाळकरी पोरगा बसला होता, तो भराभरा लिहीत होता."

मला आधी हसू आलं. मोठ्यानं हसले, खरं सांगते. मग त्यांच्याकडं बघितलं आणि हसू तिथंच विरलं. जेवायला बसले, ताटाची कड मोकळी. झोपाळ्याची कडी गप्प. टिकटिक बंद. ज्या टिकटिकीनं माझं डोकं उठायचं ती दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही, आणि मला घरात चैन पडेना. बाहेर जायचे नाहीत, कारण पेढे खाल्लेली माणसं भेटायची. पुढची परीक्षा सहा महिन्यांवर होती. फॉर्म भरा म्हटलं तर म्हणाले, "माझे कान म्हातारे झाले. त्या पलीकडच्या माणसांशी माझं जमायचं नाही आता." आणि भिंतीकडं तोंड करून पडले. हे माझ्यानं बघवेना. मी तडक हंबीररावांना कार्ड टाकलं, असाल तसे या.

ते आले. सेट आणि गुळाची ढेप, दोन्ही घेऊन. सेट आमच्या ओट्यावर मांडला आणि ह्यांना ओढून आणून समोर बसवलं.

"मास्तर, तुमचा घोळ काय झालाय सांगतो. ह्ये बगा, ही गारंची चकती. आपली गारगोटी. हिला वीज लावली की ही थरथरती, एका सेकंदात सत्तर लाख बार. कवा कमी न्हाई, कवा जास्त न्हाई. म्होरं ह्यो वाल्व, त्यो ती थरथर मोठी करतोय. आन मग ती तारंवर चढून जगभर जाती. आता उसाला पानी देताना आमी दारं धरतो का न्हाई? दारं मोडलं की पानी वाफ्यात गेलं, बुजवलं की थांबलं. तुमचं बटण म्हंजे त्ये दारं. वाईच सोडलं तर टिंब, जादा येळ सोडलं तर रेघ. बास."

"मग ते पीं पीं कुठून येतं?" ह्यांनी विचारलं. पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"हितंच तर गंमत हाय! त्ये पाठवणाऱ्याकडनं येतच न्हाई. तिकडनं येतंय ती मुकी थरथर, मानसाच्या कानाला ऐकू न येनारी. ऐकनाऱ्याच्या सेटमदी दुसरी थरथर आसती. तिच्या शेजारची, पर अगदी तीच न्हवं. दोघी भिडल्या की त्यांच्यात जेवडा फरक, तेवडा सूर. ही चावी फिरवली की फरक बदलतोय, सूर वर-खाली हुतोय. दोघी अगदी सारख्या झाल्या की आवाजच बंद!" आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. "नवरा-बायकूगत, वैनी. वाईच जमत नसलं तरच घरातनं आवाज येतोय."

"तुमच्या घरातून मग कराडपर्यंत येत असेल," मी म्हटलं. पण डोक्यात माझ्या लख्ख उजेड पडला होता. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारा! किंचित फरक असला की त्या 'व्वां व्वां' करतात, फरक जितका मोठा तितकं भरभर, आणि नेमक्या जुळल्या की ते हेलकावे थांबतात. ह्यावरच तर मी बायकांना तंबोरा लावायला शिकवते. म्हणजे हे बिनतारी प्रकरण गाण्यातलंच निघालं की!

हंबीररावांनी सरावासाठी एक पिपाणीसारखं वाजणारं यंत्र ठेवलं होतं. हे दोन मिनिटं ऐकायचे आणि कानावर हात ठेवायचे. "सुरी दगडावर घासल्यासारखं वाटतं." शेवटी मी ते उचलून माळ्यावर टाकलं आणि म्हटलं, "मी गाते. पेन्सिल घ्या."

टिंबारेघांचा तक्ता देव्हाऱ्याशेजारी चिकटवून मी आधीच पाठ करायला घेतला होता. मला वेळ लागला नाही, इतकी वर्षं खांद्यावर टिकटिक सोसलेली! पद्धत मीच काढली. पोळपाटावर लाटण्यानं खट् करायचं आणि त्याच क्षणी काळी चारचा 'सा' लावायचा. खुट् केलं की सा तोडायचा. टिंबाला तोकडा सा, रेघेला लांब सा. म्हणजे त्यांना त्यांचे दोन ठोकेही मिळाले, आणि मधली जागा माझ्या सुरानं भरली. पहिल्या दिवशी हे नुसते लाटण्याकडं बघून लिहीत होते, सुराकडं लक्षच नाही. मी रागावून त्यांची खुर्ची भिंतीकडं फिरवली.

पाठवायचं काय? भजनं पाठवून बघितली, पण माझ्या स्वभावाला ते मानवेना. मग दिवसभराचं बोलणं सगळं इंग्रजी अक्षरांत घालून गाऊनच करायला लागले. तेल संपलंय. पंचा वाळत घातलात का? भाजीत मीठ बरोबर आहे, जीभ तुमची बिघडलीय. ह्यावर ह्यांनी पाठ फिरवलेल्या अवस्थेतच असा काही चेहरा केला असणार, मला त्यांच्या कानांवरून कळलं.

भाऊसो दूधवाला एकदा किटली घेऊन दारात थबकला. बराच वेळ माझा सा... सा सा... सा ऐकला. "वैनी, बरं वाटंना व्हय? घशात काय आडाकलंय का?" मी म्हटलं, "नवरा अडकलाय." माझ्या क्लासच्या बायकांत कुजबुज, की शरयूबाई आता एकाच सुराचा राग शिकवायला लागल्यात.

मग मी हळूहळू ठोका मऊ करत आणला. लाटणं पोळपाटाऐवजी सतरंजीवर. मग लाटण्याऐवजी नुसतं बोट. एकदा दुपारी मी त्यांना चांगलं लांबलचक झापत होते, शेजारच्या विजयमालाबाईंकडं परत द्यायचं भांडं अजून दिलं नाही म्हणून. हे भिंतीकडं तोंड करून भराभरा उतरवत होते. मधेच थांबले. वळून माझ्याकडं बघितलं. माझे दोन्ही हात मांडीवर, स्वस्थ.

"शरू, लाटणं कुठाय?"

"स्वयंपाकघरात. मघापासून."

कागदाकडं बघितलं. माझं सगळं बोलणं जिथल्या तिथं, एक अक्षर चुकलेलं नाही. हे खुर्चीवरून उठले आणि, बाई बाई, दुपारच्या वेळी दार सताड उघडं असताना मला मिठी मारली त्या माणसानं. ह्या वयात! मी म्हटलं, "सोडा, भांडं देऊन या आधी." पण डोळ्यांत पाणी होतं माझ्या, ते काही लपलं नाही. मिठीत माझ्या पाठीवर त्यांची बोटं टिकटिक करत होती.

दुसऱ्या परीक्षेला मीही मुंबईला गेले. दाराबाहेर बाकावर बसले होते. पेढ्यांचं नावही काढू दिलं नव्हतं. बाहेर आले ते हसतच. "परीक्षक म्हणाले, डोळे मिटून का लिहिताय? म्हटलं, घरी बोलणी खाताना डोळे मिटायची सवय आहे." पास! मी तिथंच जिन्यात त्यांना साखर भरवली, पुडीत बांधून नेली होती गुपचूप.

पण परवाना हातात यायला पुष्कळ दिवस गेले. पोलीस चौकशीला आला, परदेशाशी काय बोलणार म्हणून विचारायला. मी पुढं होऊन सांगितलं, हवापाणी. तोवर सेटची जुळणी झाली. ऐकायचं यंत्र पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं, लष्करानं मोडीत काढलेलं. गारेची चकती हंबीररावांनी भेट दिली. वरची तार आमच्या माडापासून शेजारच्या विजयमालाबाईंच्या गच्चीपर्यंत ताणली. त्या भल्या बाई, 'हो' म्हणाल्या. कपडे वाळत घालू नका एवढंच आम्ही बजावलं.

परवाना आला, आणि पुढच्या रविवारी सकाळी पूजा करूनच सेट चालू केला. हे सगळ्यांना हाक घालू लागले. कुणी आहे का, कुणी आहे का? एक तास झाला, कुणी नाही. उत्तर आलं ते कुंपणावरून. विजयमालाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"शरयूवहिनी, माझ्या रेडिओत कोण सुपारी फोडतंय? आकाशवाणी सांगलीवर नाट्यगीत लागलंय, त्यात सारखं टक्, टक्! तार काढा ती माझ्या गच्चीवरची!"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे सेटच्या मागं काहीतरी लपवत होते. हंबीररावांनी बटणापाशी एक लहानसा कंडेन्सर आणि तारेचं वेटोळं बसवून दिलं होतं, थरथर हळू चढावी नि हळू उतरावी म्हणून. आमच्या तारमास्तरांनी ते काढून टाकलं होतं! का, तर सूर गुळमुळीत सुरू होतो, त्याला ठोका पाहिजे. इतकं सगळं करून पुन्हा जीव त्या खट्‌मध्येच! तो ठोका साऱ्या आळीच्या रेडिओत उसळत होता. आणि वर कुणी उत्तर देत नाही म्हणून चेहरा पडलेला. "बघ, माझ्याशी कुणी बोलत नाही," म्हणाले.

"असं दार आपटून हाक मारली तर कोण येईल?" मी कडाडले. "इतके दिवस मी सा कसा लावत होते? गळ्यावर आदळून? की अलगद?"

ह्यांनी निमूटपणे कंडेन्सर जागच्या जागी जोडला. मी विजयमालाबाईंकडं जाऊन रेडिओपाशी कान देऊन बसले, आणि इकडून ह्यांनी बटणावर पुन्हा तीच हाक मारून बघितली. नाट्यगीत स्वच्छ. बाईंनी मला चहा दिला आणि तार गच्चीवर राहिली.

मी परत घरात पाऊल टाकतेय तोच हे ओरडले, "शरू! कुणीतरी बोलतंय! माझंच नाव घेऊन बोलतंय!" केंद्राचं नाव म्हणायचं होतं त्यांना. त्यांनी स्पीकर लावला होता. आतून उत्तर येत होतं. आणि ह्यांच्या हातातली पेन्सिल हवेत. घामाघूम झालेले. "नाव तेवढं ओळखलं, पण पुढचं अक्षर लागत नाही. पुन्हा तेच झालं गं. ती सुरी. तो जाईल निघून."

मी ऐकलं. अहो, लागणार कसं? सूर कुठल्या कुठं वर चढलेला, पांढरी-काळी कशातच न बसणारा, किंचाळणारा. परीक्षेतला सूर नशिबानं माझ्या जवळपासचा असणार. हा नव्हता.

"चढलंय," मी म्हटलं. "सरका."

हंबीररावांनी दाखवली होती तसली चावी मी धरली आणि हळूहळू फिरवली, तंबोऱ्याची खुंटी फिरवते तशी. तो परका माणूस कुठल्या गावात बसून बटण दाबत होता देव जाणे, पण त्याचा सूर आमच्या ओट्यावर माझ्या हाताखाली उतरत आला, उतरत आला, आणि काळी चारवर येऊन बसला. तिथं मी हात काढला. त्याच्याबरोबर मी तोंडातल्या तोंडात सा धरला.

ह्यांनी डोळे मिटले आणि पेन्सिल चालायला लागली.

मंगळूरचा कॉफीचा व्यापारी होता. सुप्रभात म्हणत होता. तुमचा आवाज मोठा आहे, स्वच्छ आहे, म्हणत होता. आणि त्या लोकांत सुराला गुण द्यायची रीत असते, नऊपर्यंत. आम्हाला नऊ दिले होते. खाली त्यानं विचारलं होतं, तुमचं नाव काय?

ह्यांनी बटणावर बोटं ठेवली. मला आता बटणाचे ठोकेही कळत होते. मी ऐकते तो काय, एस, एच, ए, आर...

"अहो! तो तुमचं नाव विचारतोय!"

"हो, ते सांगतोच की नंतर," उजव्या हातानं माझं नाव पुरं करत हे म्हणाले. "तुमच्या गाण्यात आधी गुरूचं नाव घेतात ना?"

आणि आमच्या गाण्यात गुरूचं नाव घेताना करतात तसं त्यांनी डाव्या हातानं स्वतःच्या कानाची पाळी धरली.

मी पदर तोंडाशी धरून उभी राहिले आणि मंगळूरचा माणूस काय म्हणतो ते ऐकत राहिले.